प्रेमदासच्या हातचं कडं

हिंगोली
२० नोव्हेंबर २००१

प्रिय भिया,

दवाळीला तू आला नाहीस. आम्ही सगळ्यांनी तुझी वाट पाहिली असं लिहिणार होते, पण ते सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. भीमभिया आधीपासून म्हणत होता की तू येणार नाहीस. वाट पाहिली आई म्हणून याडीने आणि बहीण म्हणून मी. मिरावहिनीने रणजीतला आंघोळ घालून, पायाला तेल लावून, दारासमोर गोधडीवर बसवलं होतं. साखऱ्याहून येणारी जीप थांबली की ती त्याचा डावा पाय सरळ करायची. संध्याकाळी तो तसाच झोपून गेला.

त्याच्या डाव्या पायातलं कडं एक पीळ सैल करायचं होतं. दर दवाळीला एक पीळ, असं तूच ठरवलं होतंस. भीमभिया आणि वहिनीची पहिली दोन लेकरं गेली म्हणून तिसऱ्यासाठी याडीने देवीला शब्द दिला, आणि कडं घालायला घरातला थोरला म्हणून तुला बसवलं. ज्याने घातलं त्यानेच दर वर्षी सैल करायचं आणि पोरगं पाच वर्षांचं झालं की त्यानेच काढायचं. दुसऱ्याचा हात लागायचा नाही. हे तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण तू विसरला असशील अशी मला भीती वाटते. विसरला नसशील, तर जास्त वाटते.

गेल्या वर्षी तू ते सैल केलंस तेव्हा माझं बोट आतून आरामात जात होतं. आता करंगळीचं नखसुद्धा जात नाही. पायाला काही झालेलं नाही, तू घाबरू नकोस. फक्त उकिडवा बसला की कड्याच्या वरची कातडी फुगते आणि तो लगेच उठतो.

याडीचं म्हणणं तेच आहे: प्रेमदासने यावं, एकट्याने. तुझं म्हणणं मला माहीत आहे: तू स्वतःच्या मर्जीने लग्न करून आणलेल्या अनुसूयावहिनीला याडीने ज्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, तिथे याडीने स्वतः हाक मारल्याशिवाय तू पाऊल ठेवणार नाहीस. त्या दिवशी मी घरात होते. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. तू एका दिवसासाठी ये, घरात येऊ नकोस, लिंबाखाली बस. मी रणजीतला तिथे आणते. एक पीळ सोड आणि किनवटच्या गाडीने परत जा.

येताना तुझी पक्कड आण. भीमभियाच्या पकडीला धार राहिलेली नाही.

तुझी,
संगिता

ता. क. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला होता, तो पाहून इथे आलेल्या भीमभियाने विचारलं, प्रेमदासचं पत्र आलं का? मी म्हटलं, जातंय. तो म्हणाला, अक्षर त्याचंच दिसून राहिलं.

हिंगोली
१६ जानेवारी २००२

प्रिय भिया,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. 'कापून टाका. एकविसावं शतक आहे.'

मी सुट्टीत घरी गेले तेव्हा ते वाचून दाखवलं. एकविसावं शतक हे शब्द मी गाळले. त्याने काम बिघडलं असतं. तरी बिघडलं. मिरावहिनी भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. म्हणाली, "दोन गाडली म्या. तिसऱ्यावर शहाणपन नका करू." भीमभिया हसला आणि म्हणाला, "वायरमन सायेबाला लिही, लाईन गेली म्हनावं, कंप्लेंट घ्या. कोनाची डीपी जळाली की पळत जातो. इकडं याला काहून जमत न्हाई?" हे तुला कळवावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. तो रागाने बोलला नाही. तुझ्यावाचून त्याला कोणाची चेष्टा करता येत नाही.

मागच्या पत्रात मी पायाला काही झालेलं नाही असं लिहिलं होतं. ते बरोबर नव्हतं. तेव्हासुद्धा रणजीतचं चालणं मला थोडं वेगळं वाटलं होतं. खात्री नव्हती म्हणून लिहिलं नाही. आता आवाज येतो. अंगणात तो धावतो तेव्हा उजवं पाऊल नेहमीसारखं पडतं आणि डावं चापट मारल्यासारखं.

आता जे लिहिते ते नीट वाच. इथे कॉलेजच्या वर्गात आम्हाला मॅडमनी कोंबडीच्या अंड्यातलं पिल्लू दाखवलं, पाय फुटायला लागलेलं. त्या म्हणाल्या की पाठीच्या कण्यातून मज्जातंतू निघतो आणि पायाच्या स्नायूला जाऊन धरतो तो या वेळी. सगळं एवढंसं असतं, तांदळाच्या दाण्यात मावेल एवढं. नंतर पाय वाढतो, हाडं लांबतात, स्नायू कण्यापासून दूर दूर जातो. पण एकदा धरलेलं टोक सुटत नाही. नवी तार कोणी ओढत नाही. तीच तार ओढली जाऊन लांबते. तू दोन खांबांमध्ये तार ओढतोस. आता असं समज की एक खांब दर वर्षी वीतभर पुढे सरकतो आहे आणि तरी लाईन एक क्षणही बंद पडत नाही. बैलाच्या खुरापर्यंत, माणसाच्या अंगठ्यापर्यंत असंच असतं. मला हे इतकं आवडलं की मी वहीच्या कडेला खांब काढले.

मग एका मुलीने विचारलं, मॅडम, तार लांबते पण तिला लागणारं सामान कुठून येतं? त्या म्हणाल्या, सगळं कण्याजवळच्या पेशीतून येतं. तंतूच्या आतून ते हळूहळू सरकत टोकापर्यंत जातं, जन्मभर. पूर्वी कोणीतरी जनावराच्या मज्जातंतूभोवती कडं बसवून पाहिलं होतं. कड्याच्या वर तो फुगला आणि खाली बारीक होत गेला. सामान अडलं. टोक उपाशी राहिलं की धरलेलं सोडतं.

मी पुढचं काही लिहून घेतलं नाही.

तास संपल्यावर मॅडमना विचारलं. गुडघ्याखाली, बाहेरच्या बाजूला जे हाडाचं बोंड लागतं, त्याला वळसा घालून पाऊल वर उचलणारा तंतू जातो. तिथे त्याच्यावर मांस नसतं, नुसती कातडी. तू बोट लावून बघ, तुझ्याही पायाला सापडेल. तुझं कडं बरोबर तिथे बसलं आहे. याडी म्हणाली, देवीचं कडं शेणामुतात नको, घोट्यात नको, वर घाल. तू वर घातलंस. दोघांनी चांगल्यासाठीच केलं.

म्हणून कापा असं लिहू नकोस. कापा म्हणणं सोपं आहे. ये.

तुझी,
संगिता

हिंगोली
७ एप्रिल २००२

प्रिय भिया,

तुझं उत्तर नाही. बदली झाली असेल असं वाटून मी किनवटच्या ऑफिसात फोन लावला. तू लाईनवर गेला आहेस असं कोणीतरी सांगितलं. म्हणजे आहेस.

होळीनंतर वहिनीला समजावून रणजीतला इथे हिंगोलीत डॉक्टरांकडे आणलं. भीमभियाने गोरेगावपर्यंत सोडलं, पुढे आम्ही दोघी. वहिनी जीपमध्ये सारखी म्हणत होती, "नुस्तं दावायचं. हात लावू द्यायचा न्हाई." मी हो म्हटलं होतं. डॉक्टरांनी त्याला टेबलावर बसवून पाय लोंबकळू दिले. उजवं पाऊल सरळ राहिलं, डावं खाली झुकलं, ओल्या फडक्यासारखं. ते म्हणाले, "बाळ, बोटं वर कर." रणजीतने उजवी केली. "दुसरी." त्याने हाताने धरून डावी वर केली आणि हसला. त्याला वाटलं जमलं.

डॉक्टर चांगले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, हे आत्ताच काढू, पाच मिनिटांचं काम आहे. पाय वाचवायचा का कडं?"

वहिनी म्हणाली, "पोरगं."

आणि त्याला उचलून बाहेर गेली. मी फीसाठी थांबले तेवढ्यात ती स्टँडवर पोचली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तांड्यावर उतरताना म्हणाली, "संगिताबाई, तुमाला लेकरू झालं का मंग सांगा."

मला तिचा राग आला नाही. दोन पोरांना मूठमाती दिलेली बाई पायाचा हिशेब वेगळा करते. माझा राग याडीवर होता. शब्द तिने दिला. तो फिरवायचा तर तिनेच फिरवायला हवा. वहिनी तिचं ऐकेल. म्हणून मी तिला वांगी निवडताना गाठलं. म्हटलं, याडी, देवी काय पोराचा पाय मागते? तू देवीला सांग, कडं लवकर काढतोय, पाच वर्षं झाली की पोराला पायाशी घालू. देवी ऐकणार नाही का?

ती म्हणाली, "देवी ऐकल. देवीचं मला काय भ्या न्हाई."

मग?

तिने वांगं फिरवून कीड बघितली. मग बोलली, आपल्या गोरमाटीत. त्याची मराठी करताना निम्मं सांडतं, पण असं काहीसं: "कडं हाय तवर त्याला यावं लागंल. आज न्हाई तर उद्या. त्याच्याच हातानं निघायचं हाय ते. कडं निघालं तर तो काहून येईल? कशासाठी येईल?"

भिया, मला वाटत होतं की आपण देवीशी भांडतो आहोत.

मी तिला पाऊल दाखवलं. ती म्हणाली, "तो आला की व्हईल बराबर." मी म्हटलं, मग अनुसूयावहिनीला बोलाव, दोघं उद्या येतील. ती उठून आत गेली.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत नाही. तुला वाटेल की याडीने लेकराचा पाय ओलीस ठेवला आहे. तसंच आहे. पण तूही सोडवायला येत नाहीस. मला हे लिहायचं नव्हतं. खोडलं असतं तर कागद खराब झाला असता, म्हणून राहू देते.

आणि माझं विचारशील तर, माझ्या पेटीत एक कानस आहे. जानेवारीत घेतली. रणजीत वहिनीच्या नजरेआड झोपलेला असतो तेव्हा कितीतरी वेळा ती कानस आणि मी अशा दोघीच त्याच्याजवळ असतो. वहिनीला दिलेला शब्द मोडवत नाही, असं मी स्वतःला सांगते. ते खरं आहे. मलाही तू यायला हवा आहेस, हेही खरं आहे.

संगिता

तांडा, साखरा
९ जून २००२

प्रिय भिया,

कडं निघालं. मी काढलं. कसं ते क्रमाने लिहिते.

मंगळवारी सकाळी वहिनी पाण्याला गेली होती. याडी चुलीपाशी, मी तिच्यामागे गहू पाखडत. रणजीत याडीच्या अंगाला टेकून पाय पसरून बसला होता आणि तिला विचारत होता, बैलाला आजी असते का. याडीने लाकूड मागे ओढलं, निखारा तुटून त्याच्या डाव्या पावलावर पडला, वरच्या बाजूला. मला आधी वास आला. मी पाहिलं तेव्हा याडी निखाऱ्याकडे बघत होती आणि रणजीत तिच्याकडे. तो उत्तराची वाट बघत होता. रडला नाही. पाय ओढून घेतला नाही. त्याला कळलंच नव्हतं. मी झडप घालून निखारा उडवला तेव्हा तो माझ्या हिसक्याने घाबरून रडला.

याडीने त्याचं पाऊल मांडीवर घेतलं. भाजलेल्या जागेच्या बाजूला नखाने टोचलं. पुन्हा टोचलं. "दुखून राहिलं का रं?" तो म्हणाला, "न्हाई. बैलाला असती का?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला लिवायला कोनी शिकवलं?"

मी म्हटलं, भियाने.

"कसं?"

तिला माहीत होतं. तांड्यात शाळा नव्हती. तू साखऱ्याच्या शाळेतून यायचास आणि चुलीच्या याच बाजूला मला पाटी घेऊन बसवायचास. माझ्या मुठीवर तुझी मूठ. अ, आ, इ. माझा हात सैल सोड म्हणायचास, मी फिरवतो.

"म्हंजे हात त्यानंच वळवला तुझा," ती म्हणाली. "अक्षर बी त्याचंच. भीमसिंगला कळंना कोनाचं हाय ते. मंग हा हात बी त्याचाच धरायचा. देवीला म्या सांगते. जा, पक्कड आन."

वहिनी घागर घेऊन दारात आली होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती पोराला उचलून पळेल. तिने घागर ठेवली आणि पाऊल पाहिलं. मग त्याचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरून बसली. एवढंच म्हणाली, "सासूबाई, तुमच्या शब्दावर."

भिया, तू गाठ फार चांगली मारली होतीस. तांब्याच्या दोन जाड तारा, पीळ घट्ट, टोकं आत वळवलेली, ओढलं तर आणखी आवळेल अशी. तुझ्या आयटीआयच्या सरांना आवडली असती. मला टोकच सापडेना. सूज त्याच्यावर आली होती. शेवटी पीळ सोडवणं सोडून दिलं आणि कानशीने एक तार घासली, मग दुसरी. घासताना तांबं तापत होतं. वहिनी पाणी घालत होती. रणजीत म्हणाला, "काकाचं कडं मोडू नगा."

कडं निघालं तेव्हा खाली पांढरा चर होता, बोट बसेल एवढा. तो अजून आहे.

याडीने कडं धुतलं, कुंकू लावलं आणि देवीच्या कोनाड्यात ठेवलं. मग उंबऱ्यावर येऊन बसली. म्हणाली, "सुटला बिचारा."

मी म्हटलं, हो, आता पायाला आराम पडेल.

ती म्हणाली, "पायाचं न्हाई. प्रेमदासचं म्हनून राहिले."

संगिता

तांडा, साखरा
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय भिया,

या दवाळीला तुम्ही दोघं येताय, हे तुझं पत्र मिळालं. याडीने अनुसूयावहिनीसाठी निरोप पाठवला तो मी सुचवला नव्हता, हे स्पष्ट करते. ती एकटीच ठरवून भीमभियाला म्हणाली, "तिला घेऊन ये म्हनावं. मी दारात हुबी ऱ्हाईन." हेच ती दोन वर्षांपूर्वी म्हणू शकली असती. हेच तूही न मागता येऊ शकला असतास. आता यावर तू आणि याडी एकमेकांशी बोलू नका. बोलायला काही उरलेलं नाही, आणि पोरगं ऐकत असतं.

येण्याआधी तुला माहीत असावं म्हणून लिहिते. मी दर रविवारी कड्याच्या जागेपासून खाली बोटाने ठोकत जाते. तंतू पुन्हा वाढत असेल तर त्याच्या नव्या टोकावर ठोकलं की पावलात मुंग्या येतात. आधी त्या चराच्या जवळच आल्या. रणजीत म्हणाला, "मुंगी चावली." मी आत जाऊन रडले. नंतर मुंग्या जरा खाली उतरल्या. दवाळी, संक्रांत, होळी. मग थांबल्या. उन्हाळाभर त्याच जागी होत्या. आता मी विचारते आणि तो माझ्याकडे पाहून "व्हय, चावली" म्हणतो, मला बरं वाटावं म्हणून. मी ठोकलेलंच नसतं तेव्हाही म्हणतो.

डॉक्टर म्हणाले, स्नायू काही काळ वाट बघतो. मग त्याचं रूपांतर दोरीत होतं. मुळात तंतूने स्नायूला धरणं आणि धरून ठेवणं या दोन गोष्टी असतात, आणि आपण दुसरी तोडली. आपण हा शब्द माझा आहे.

पोरगं वाढतं आहे. उजवा पाय पुढे जातो आहे आणि डावा मागे राहतो आहे; पोटरी बारीक, पाऊल लहान. चपला दोन मापांच्या लागतात, म्हणून दोन जोड घेतो. चालताना तो गुडघा उंच उचलतो, नाहीतर बोटं जमिनीला अडकतात. तांड्यातली पोरं त्याला कोंबडा म्हणतात. तोही आरवून दाखवतो. वहिनी त्या वेळी घरात जाते. तिने मला कधी बोल लावला नाही. पोरगं जगलं, असं ती सगळ्यांना सांगते, आणि ते कड्यामुळे, यावर तिचा आजही विश्वास आहे. मी वाद घालत नाही.

अनुसूयावहिनीला सांग, त्याच्या पायाकडे बघू नये असं नाही, पण एकदाच बघावं.

आणखी एक. तू येणार हे कळल्यापासून रणजीत शेजारच्या पोरांना तुझ्याबद्दल सांगतो आहे. काका खांबावर चढतो. काका तुटलेल्या तारा जोडतो. परवा मी त्याला पायाचं सगळं सोप्या शब्दांत समजावून सांगितलं होतं, कण्यातून तार येते आणि कड्यापाशी अडली म्हणून. खोटं सांगायचं नाही म्हणून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग काका येऊन राहिला ना?"

तो दारात पाय लांब करून बसेल. दोन वर्षांपूर्वी बसवला होता तसा, पण या वेळी स्वतःहून.

येताना पक्कड आणू नकोस.

तुझी,
संगिता